विटका पट्टा आणि सात विशेषणं

आमच्या घराण्यात इंग्रजी शिकणारा पहिला माणूस मी, आणि माझं शिकणं पाहून दुसरा कोणी त्या वाटेला गेला नाही.

ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली. अण्णा, म्हणजे माझे वडील, रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत पट्टेवाले होते. छातीवरून तिरका जाणारा त्यांचा लाल पट्टा उन्हापावसाने इतका विटला होता, की पितळी बिल्ला नसता तर लोकांनी त्याला पंचा समजून हात पुसले असते. त्यात साहेबांची मंडणगडला फिरती ठरली. माझी ताई मंडणगडला दिलेली, आणि तिला नुकताच मुलगा झालेला. पहिला नातू! काहीही करून अण्णांना साहेबांबरोबर जायचं होतं. पण हेडक्लार्क म्हणाले, "या पट्ट्यावर साहेब तुम्हाला नेणार नाहीत. नव्यासाठी अर्ज टाका. 'पट्टा विटला आहे, नवा मिळावा', एवढं पुरे."

एवढं पुरे? घरात मॅट्रिकला बसलेला मुलगा असताना?

"अण्णा, अर्ज मी लिहितो. इंग्रजीत."

"मराठीत का नको? साहेब मराठीच आहेत."

"मराठी अर्ज टोपलीत जातात." (हे मला कोणी सांगितलं, ते आजतागायत आठवत नाही.)

शाळेतला जाडजूड कोश घेऊन बसलो. रंग गेलेल्या वस्तूला इंग्रजीत इतके शब्द असतील असं वाटलं नव्हतं. (त्यांच्या देशात म्हणे ऊनच पडत नाही. मग रंग उडतो कसा, देव जाणे!) आधी 'फेडेड' लिहिलं. मग 'डिस्कलर्ड' दिसला, तो सोडवेना. 'पेल' आणि 'पॅलिड' हे शब्द आजारी माणसाच्या तोंडाला वापरतात असं कोशात दिलं होतं, पण पट्ट्याची प्रकृती पाहता मी तेही चालवून घेतले. त्यामागून 'ब्लीच्ड', 'वॉश्ड-आउट', 'लस्टरलेस'. सात विशेषणं, आणि मग कुठे तो बिचारा पट्टा.

शनिवारी अर्ज गेला. संध्याकाळी अण्णा घामाघूम होऊन घरी आले.

"साहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, असा पट्टा मी जन्मात पाहिला नाही. सोमवारी समोर दाखवा, नि लिहिणाऱ्यालाही आणा."

मी कॉलर ताठ केली. आईने मात्र एवढंच ऐकलं, की साहेब पट्टा बघणार आहेत.

रविवारी आम्ही बापलेक बाजारातून परतलो, तर अंगणाच्या दगडी गडग्यावर काहीतरी लालभडक वाळत होतं.

"ते काय गो?" अण्णांनी विचारलं.

"पट्टा तुमचा. रंगाची पुडी आणली नि उकळून काढला. तसल्या कळकट फडक्यात साहेबांपुढे उभे राहणार होतात? लोक म्हणतील, घरात बाईमाणूस नाही की काय."

अण्णा मटकन पायरीवर बसले. "अगो, तो विटलाय म्हणून तर अर्ज केलाय!"

"आता नाही ना विटलेला? झालं तर मग."

मी पट्टा गुपचूप विहिरीवर नेला. सोडा लावला, धोंड्यावर आपटला, पुन्हा सोडा लावला. पाणी लाल झालं, कोपरापर्यंत माझे हात लाल झाले, पट्टा होता तसाच. आईने जन्मात कुठलं काम अर्धवट केलं नव्हतं.

सोमवारी साहेबांनी अर्ज हातात घेतला. "फेडेड," ते म्हणाले आणि पट्ट्याकडे पाहिलं. "ब्लीच्ड." पुन्हा पाहिलं. "पॅलिड." या वेळी माझ्याकडे पाहिलं. "हा शब्द बरोबर आहे. पण पट्ट्याला नाही. हात दाखव बघू."

मी दाखवले. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सरकारकडे खोटा अर्ज! माझ्या विद्वत्तेने अण्णांची नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

"साहेब, अर्ज खरा होता," अण्णा हात जोडून म्हणाले. "बायकोने काल रंगवला. आपल्यासमोर बरं दिसावं म्हणून. नवा पट्टा नको मला. मंडणगडला नातू झालाय, तेवढा बघायचा होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे एक वाक्य अण्णांनी आधीच मराठीत सांगितलं असतं तर कोशाची पानं तरी वाचली असती.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नवा पट्टा मिळणार नाही. हा चांगला लाल आहे. गुरुवारी हाच घालून चला. आणि पुढचा अर्ज घरच्या मंडळींना विचारून करा."

आठ दिवसांनी अण्णा परतले. घामाने रंग उतरून पांढरा कोट गुलाबी झाला होता, पण चेहरा असा खुलला होता की आईने कोटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाळ कुणासारखं आहे हो?" तिने विचारलं.

"अगदी मामावर गेलंय."

मी लगबगीने पुढे सरकलो. "नाकीडोळी का, अण्णा?"

"ते अजून कळत नाही. पण काही कारण नसताना तोंड उघडतं, नि मग निस्तरायला आईला धावावं लागतं."