डिझेलच्या टाकीतला कापूस

अकोटच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचं गॅरेज कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकासमोर होतं. तिथे सांडलेला कापूस उचलून तो हात पुसायचा. "सद्या कापसापेक्षा चिंधीच महाग आहे," म्हणायचा. भाव पडलेले दिवस होते. कापसाच्या गाड्या घेऊन थांबलेले शेतकरी कसंनुसं हसायचे. मीही हसायचो.

एकदा झेंडूनं भरलेली माझी जुनी पिकअप वेग घेतला की धापा टाकून बंद पडू लागली. त्यानं फिल्टरजवळचा पाईप ढिला करून हातपंप दाबला. डिझेल उसळलं नाही, नुसतं ठिबकलं.

"टाकीतूनच येऊन नाही राह्यलं."

टाकी उतरवून त्यानं आतली जाळी काढली. तिला काळा, चिकट कापूस गुंडाळला होता. मागच्या खेपेला टाकीच्या हरवलेल्या झाकणाच्या जागी त्यानंच कापसाचा बोळा कोंबला होता.

"कोणीतरी टाकला असन," त्याची लाज राखायला मी म्हणालो.

"नाही भाऊ, मीच टाकला." फाटकाशी थांबलेल्या कापसाच्या गाड्यांकडे न बघता तो पुटपुटला, "मीबी कापसाले कचराच समजलो."

कोणीच हसलं नाही. त्यानंतर मी तिथून गेलो की तो आपल्या सदऱ्यालाच हात पुसताना दिसायचा.