तोकडी डिकी

गाडी मागून बघावी, हे माझं फार जुनं मत आहे. पुढून सगळ्याच बऱ्या दिसतात. दिवे, जाळी, चकचकीत पट्ट्या, कंपनीवाले सगळी हौस तिथेच भागवून घेतात. गाडीचं खरं वळण डिकीत कळतं. पोलादपूरला हायवेच्या कडेला एक गॅरेज आहे, त्याच्यासमोर चहाची टपरी आहे, आणि तिथे मी हे मत इतक्या वेळा मांडलंय की आता टपरीवाला माझ्यासमोर कप ठेवतानाही मुद्दाम फिरवून ठेवतो. "घ्या, मागची बाजू," म्हणतो.

दर रविवारी सकाळी आम्ही गाडीवेडे तिथे जमतो. तिघंच. एक गॅरेजचा मेस्त्री. तो गाड्या उघडतो, तेव्हा त्याला बोलायचा हक्क आहे. दुसरा महाडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा ऑपरेटर. त्याच्या नावावर आजवर एक मोटरसायकल, पण कुठल्या गाडीची चाकं एकमेकांपासून किती लांब हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तिसरा मी. माझं महाडात चष्म्याचं दुकान आहे. गाड्यांशी माझा संबंध एवढाच की माझ्याकडे एक जुनी सेडान आहे: लांब, बुटकी, जमिनीला टेकल्यासारखी चालणारी. रंग मुळात मोतिया होता, हल्ली नक्की सांगता येत नाही. पण तिच्या जोरावर मी स्वतःला वारसदार समजत आलो.

आणि अशात माझ्या गाडीच्या कंपनीने काय केलं, तर तेच जुनं नाव एका नव्या, छोट्या सेडानला देऊन टाकलं. जाहिरातीत जुनी गाडी धुक्यात शिरते आणि पलीकडून नवी बाहेर येते. मला ते घरातलं कोणी गेल्यासारखं लागलं.

महिनाभर टपरीवर दुसरा विषय नव्हता. मेस्त्री म्हणायचा, "खालून चांगली हाय गाडी." मी म्हणायचो, गाडी खालून कोण बघतो. "तुमच्या गाडीखाली मी आठवड्यातनं दोनदा असतो, शेठ," मेस्त्री म्हणायचा.

ऑपरेटर मात्र या एका विषयावर गप्प असायचा. एरवी बोलायला लागला की तासभर थांबत नाही असा माणूस, आणि या गाडीचं नाव निघालं की बिस्किट चहात बुडवून त्याच्याकडे बघत बसायचा. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण समोरचा गप्प बसला की त्याला आपलं पटलं, असं मी धरून चालतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही सवय गेलेली नाही.

मग एका रविवारी तो वडिलांना घेऊन आला. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी आहे. म्हाताऱ्याचे गुडघे कामातून गेलेले. मिनीडोरमधून, म्हणजे आमच्याकडच्या सहा आसनी रिक्षातून, उतरताना आधी एक पाय हाताने उचलून बाहेर ठेवला, मग दुसरा. अंगात पांढरा शर्ट, खोचलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तो उभा राहिला तो थेट माझ्या गाडीपाशी. छपराच्या कडेवरून बोट फिरवलं, धूळ बघितली, आणि खिशातल्या रुमालाने ती पुसली.

"आमच्या शेठची हीच," तो म्हणाला. "मुंबईत. अकरा वर्षं चालवली."

मला एवढा आनंद झाला की मी त्याच्यासाठी भजी सांगितली. ऑपरेटरने मोबाईलवर एक फोटो उघडून बापापुढे धरला. "बाबा, ही नवी. नाव तेच हाय." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुम्ही सांगा ना यांना."

शहाण्या माणसाने त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं. मी फोटोकडे बघितलं.

"काका, हिला मागून बघा," मी सुरू झालो. "गाडी करता करता पत्रा संपला आणि कारखान्याला सुट्टी लागली. चार मीटरच्या आत बसवली की कर कमी लागतो, म्हणून डिकी छाटून टाकली. छप्पर बघा, वर टोपलं पालथं घातल्यासारखं. ती जुनी कशी एका रेषेत उतरायची. हिला नाव दिलं म्हणून तो घाट येणार आहे का?" आणखीही बरंच बोललो. भजी गार झाली.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग मोबाईल लेकाच्या हातात परत दिला. "शेठ बोलतात तर नको रे. त्यांच्याकडं ती गाडी हाय. त्यांना ठावं."

"बरं," ऑपरेटर म्हणाला. चहा संपवला, बापाला मिनीडोरमध्ये चढवलं आणि गेला.

मेस्त्रीने हात पुसत पुसत माझ्याकडे बघितलं. "चष्मेवाले, नंबर तपासा एकदा स्वतःचा. बुक केलीय त्यानं ती गाडी. महिना झाला."

मग त्याने बाकीचं सांगितलं. बापाला दर पंधरा दिवसांनी महाडला डॉक्टरकडे न्यावं लागतं, मिनीडोरमध्ये गुडघे दुमडून. मुंबईची नोकरी सोडून आला तेव्हा म्हातारा एकदाच बोलला होता, त्या नावाची गाडी आपल्या अंगणात उभी राहायला हवी. लेकाने ते मनात धरलं होतं. बापाने गाडी बघून बरी आहे म्हणावं, एवढंच राहिलं होतं, म्हणून तो त्याला जाणकारांकडे घेऊन आला होता. जाणकार म्हणजे मी. "आता तो बुकिंग सोडणार. बापाच्या शब्दाबाहेर नाय जायचा. शुक्रवारपर्यंत कळवायचंय शोरूमला."

मी फोन लावला. "नाय भाऊ, तुमचं काय चुकलं," तो म्हणाला. "तुमचं मत ते तुमचं मत." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, वडिलांना सांग, मी मत बदललं. "बाबा म्हणतील, शेठ आपलं मन राखतात." तेही खरंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं मत कोणी इतकं मनावर घेतलं होतं, आणि आता ते परत घ्यायची सोय नव्हती.

शेवटी फोनवरच ठरवलं, म्हाताऱ्याला एकदा गाडीच दाखवू. गुरुवारी दुकान बंद ठेवून वाडीवर गेलो. चढाला माझा वारसा दोनदा तापला, दोनदा मी त्याला बाटलीतलं पाणी पाजलं. म्हातारा तयार होऊन ओट्यावर बसला होता. तो सवयीने पुढच्या दाराकडे गेला. पण माझ्या गाडीचं डावं पुढचं दार बाहेरून उघडत नाही, आणि त्या दिवशी ते आतूनही उघडेना.

"काका, मागे बसा."

"मागं?" तो थांबला. मग वाकला, छपराला डोकं आपटलं, आणि खाली खाली जात एकदाचा सीटवर पोचला.

वाडीचा उतार संपेपर्यंत तो पुढच्या सीटची पाठ धरून बसला. मग म्हणाला, "शेठ, ही मागं अशीच हाय?"

"अशी म्हणजे?"

"गुडघे हनुवटीला लागतात."

आरशात बघितलं तर खरंच. त्याने गुडघ्यांवरून हात फिरवला. "आमची शेठाणी रोज बोलायची, पाय अवघडतात, कंबर भरून येते. मला वाटायचं, मोठ्यांची नाटकं. अकरा वर्षं चालवली मी, पण मागं बसलोच नाय कधी."

मीही बसलो नव्हतो. इतकी वर्षं ती गाडी मी मागून बघत आलो, पण तिच्या मागच्या सीटवर माझी बायको तिच्या आईला घेऊन बसते. दोघींनी काही तक्रार केली होती का, ते मला घाट उतरेपर्यंत आठवेना. आठवलं तेव्हा गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

शोरूमला ऑपरेटर शिफ्ट संपवून परस्पर आला होता. बापाला माझ्या गाडीतून बाहेर काढायला आम्ही दोघं आणि तिथला वॉचमन लागलो. म्हाताऱ्याने नव्या गाडीला सावकाश फेरी मारली. मागे जाऊन उभा राहिला. बघतच राहिला. मी खिशातल्या किल्लीशी खेळत होतो.

"तोकडी हाय," तो म्हणाला.

"हाय," लेक म्हणाला.

"शेठ खोटं नाय बोलले."

मग त्याने मागचं दार उघडलं. आधी सीटवर टेकला, मग एकेक पाय आत घेतला. हाताने उचलावा लागला नाही. ज्याला मी टोपलं म्हणालो होतो, त्या छपराखाली तो ताठ बसला. सेल्समन काहीतरी सांगायला पुढे आला, त्याला ऑपरेटरने हातानेच थांबवलं.

"वाडीचा चढ चढल?"

"चढेल."

"डिकीत तांदळाच्या गोणी किती मावतील?"

"एक. दाबून बसवली तर दोन."

म्हातारा विचारात पडला. "बरं," म्हणाला.

शनिवारी गाडी वाडीवर आली. ग्रामदेवतेच्या देवळासमोर नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, सगळी वाडी जमली. मेस्त्री होता, मीही होतो, मुद्दाम मागे उभा. पूजा झाली तसं म्हाताऱ्याने पुढे होऊन मागचं दार उघडलं, आणि बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून छपराच्या कडेला तळवा लावून अदबीने उभा राहिला.

त्या दारापाशी सगळ्यात जवळ मी होतो. आणि मी बसलो.

शपथेवर सांगतो, पाय आपोआप गेले. कोणी दार धरून उभं राहिलं की माणूस बसतो. ऑपरेटर हातात किल्ली घेऊन माझ्याकडे बघत होता. मेस्त्रीने तोंड देवळाकडे फिरवलं, खांदे हलत होते. म्हातारा दार लावायलाही निघाला होता. मग थबकला, छपरावरच्या आपल्या हाताकडे बघितलं, आणि तो हात खाली घेतला.

"सरका, शेठ," तो म्हणाला.

मी सरकलो. तो आत बसला आणि दार स्वतःच ओढून घेतलं. लेकाने गाडी हळूच वळवली, चढाला लावली. वाडीतली पोरं मागून धावत होती.

पहिल्या वळणावर म्हातारा पुढे वाकला. "दुसरा गिअर टाक रे," म्हणाला.

लेकाने टाकला.