कवडूभाऊजींचा उजवा कान

चक्कर हा फार हलकट आजार आहे. ताप अंगाला हात लावला की कळतो, मोडलेला हात लोंबताना दिसतो, पण चक्कर कोणालाच दिसत नाही. दिसतो तो झोकांड्या खाणारा माणूस. आणि झोकांड्या खाणाऱ्या माणसाचं आमच्या रोहण्यात एकच निदान व्हायचं, त्याला ना डॉक्टर लागायचा ना वैद्य.

कवडूभाऊजी म्हणजे माझी थोरली बहीण तानाबाई, तिचा नवरा. कवेलू फेरायचं काम करायचे. मिरगाच्या आधी घरांवर चढायचं, फुटकी कवेलू काढायची, नवी बसवायची. निम्म्या गावाच्या छपरांवर त्यांचे पाय फिरले होते. त्याच घरांच्या उंबऱ्याच्या आत मात्र एकदाही नाही. विटाळ कवेलूंतून खाली गळत नसावा.

छप्पन सालच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो आणि लाखो माणसांत उभं राहून बौद्ध झालो. गावी परतल्यावर भाऊजींनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि बावीस प्रतिज्ञा पाठ करायला बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचायचो, ते म्हणायचे. पंधरा दिवसांत कानामात्रेचाही फरक न करता सगळ्या म्हणू लागले. दारू पिणार नाही, ही प्रतिज्ञा ते इतरांपेक्षा जरा मोठ्यानं म्हणत. त्यांचा बाप दारूतच गेला होता.

आणि नेमकी ह्याच माणसाला दोन महिन्यांत चक्कर लागली. हसावं की रडावं, सांगा. आधी ताप आला, उजव्या कानात रहाट फिरल्यासारखा आवाज सुरू झाला, तीन दिवस पोटात पाणी ठरेना. ताप गेला, उलट्या गेल्या, चक्कर तेवढी राहिली. मान वळवली की जमीन सरकायची. छपरावर चढणं तर सुटलंच, विहिरीपर्यंत जायचं तरी भिंत धरून जावं लागे. मग ते मान ताठ धरून, कुठंही न बघता, नवरदेवासारखे चालू लागले. तरी तोल जायचाच.

गावातले लोक पारावरून बघायचे आणि म्हणायचे, बौद्ध झाला म्हणे, प्रतिज्ञा घेतली म्हणे. धुरपता आत्या, म्हणजे भाऊजींच्या बापाची बहीण, दारूचं मानत नव्हती, पण तिचं तिसरंच. देवाले पान्यात बुडवलं, आता तूच बुडून राह्यला, असं ती रोज सकाळी दारात येऊन ऐकवायची. देव परत आणून बसव, कोंबडा दे, आठ दिवसांत उठशील. एका बाजूनं दारूडा, दुसऱ्या बाजूनं देवाचा गुन्हेगार. मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

औषधवाल्यांचीही तीच तऱ्हा. आर्वीच्या वैद्यानं पित्त म्हणून दोन महिने मोरावळा चारला. एकानं अशक्तपणा म्हणून ताकदीची इंजेक्शनं टोचली. एकानं चष्मा दिला, तो लावल्यावर दोन जमिनी सरकू लागल्या. एकानं दाढ काढली. दाढ चांगली होती. आणि प्रत्येक जण शेवटी एकच सांगायचा, की पडून राहा, डोकं हलवू नका. बहीण बिचारी तेच करून घ्यायची. उशीच्या दोन्ही बाजूंना चिंध्यांची गाठोडी लावायची, झोपेत मान फिरू नये म्हणून. वर्षभर माणूस असा ठेवला, जसं काही लोणच्याची बरणी आहे.

शेवटी पुलगावच्या एका डॉक्टरनं हात टेकले आणि नागपूरच्या कानाच्या डॉक्टरच्या नावे चिठ्ठी दिली. मी म्हटलं, डोकं फिरतंय आणि कानाकडे कुठं पाठवता? तो म्हणाला, जाऊन तर या.

अठ्ठावन्न सालच्या माघात आम्ही निघालो. रोहण्याहून पुलगावपर्यंत अरुंद रुळांवरची छोटी गाडी. त्या गाडीत सगळेच डुलतात, त्यामुळे वर्षभरात पहिल्यांदा भाऊजींकडे कोणी वळून बघितलं नाही. नागपूरच्या डॉक्टरनं फार काही विचारलं नाही. भाऊजींना आडवं केलं आणि डाव्या कानात थंड पाणी सोडलं. लगेच डोळे झटके देऊ लागले, भाऊजींनी खाटेची कड घट्ट धरली. मी डॉक्टरवर तडकलो, की चक्कर घालवायला आणलं आणि तुम्ही ती घालताय. त्यानं माझ्याकडे लक्षही दिलं नाही. मग उजव्या कानात पाणी सोडलं. काहीच झालं नाही. भाऊजी शांत पडून होते.

डॉक्टरनं सांगितलं ते असं. माणसाचा तोल दोन्ही कानांच्या आत असतो. ह्यांच्या उजव्या कानातला तोल त्या तापात मेला, तो आता यायचा नाही. पण एका कानाच्या भरवशावर चालायला डोकं शिकू शकतं, मात्र शिकवावं लागतं. आणि वर्षभर मान ताठ धरून तुम्ही त्याला शिकूच दिलं नाही.

शिकवलं तिथल्या शकुंतला नर्सबाईंनी. ही कसरत म्हणे विलायतेत लढाईतल्या जखमी शिपायांसाठी काढलेली. आधी नुसते डोळे वरखाली, मग मान डावीउजवीकडे, मग उठबस, मग डोळे मिटून चालणं, चढउतार, शेवटी मान फिरवत गर्दीतून चालणं. एक चेंडू डोळ्यांच्या वर ह्या हातातून त्या हातात फेकायचा, नजर चेंडूवर. चेंडू नसेल तर लिंबू घ्या, म्हणाल्या. आणि बजावलं, "चक्कर येईल. यायलाच पाहिजे. आली म्हणून थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून. एक दिवसही खाडा नको."

म्हणजे औषध काय, तर रोज दोन वेळा चक्कर आणायची, आणि तीही रस्त्यावर, चारचौघांत.

भाऊजींनी दुसऱ्याच दिवसापासून सुरू केलं. सकाळी अंगणात बसून लिंबू फेकायचे. धुरपता आत्यानं ते पाहिलं आणि वस्तीभर सांगितलं, की कवडू लिंबू उतरवून राह्यला, देव सोडले अन् करणी धरली. संध्याकाळी ते रस्त्यानं निघायचे, मान डावीकडे, मान उजवीकडे, पाय वाकडेतिकडे. पारावर करमणूक सुरू व्हायची. इतके दिवस भिंत धरून गुपचूप चालणारा माणूस आता गावभर झोकांड्या दाखवत फिरत होता. मी म्हटलं, घरातच चाला ना. ते म्हणाले, घरात गर्दी कुठून आणू?

पण फरक पडत होता, हे मी डोळ्यांनी बघत होतो. महिन्याभरात भिंत सुटली. दोन महिन्यांत ते विहिरीवरून भरलेली बादली आणू लागले, थोडी सांडत. संध्याकाळच्या फेरीत मात्र तोल जायचाच, कारण नर्सबाईंच्या हुकमानं ते रोज आदल्या दिवसापेक्षा अवघड काहीतरी करायचे.

त्या वैशाख पौर्णिमेला आजूबाजूच्या गावांतली चाळीसेक माणसं आमच्या वस्तीत दीक्षा घ्यायला येणार होती. प्रतिज्ञा पुढं कोणी म्हणायच्या, हा प्रश्नच नव्हता. भाऊजींसारखं पाठांतर दुसऱ्या कोणाचं नव्हतं. त्या एका दिवसासाठी ते वर्षभर तग धरून होते, असं बहीण म्हणायची. पौर्णिमेला आठ दिवस राहिले असताना पंचांनी आम्हाला वस्तीच्या सभेत बोलावलं.

गोमाजी आमच्या वस्तीचे पंच. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. म्हणाले, बाहेरगावचे लोक येणार, त्यांच्या कानावर भलतंसलतं गेलंय. दारू पिणार नाही, हे ज्याच्या मागं म्हणायचं तोच डुलताना दिसला तर आपल्या धर्माची काय शोभा राहील? दोन वाटा आहेत. एक तर पौर्णिमेपर्यंत ही कसरत बंद ठेवा. नाहीतर आज सगळ्यांसमोर शपथ घ्या, की मी पीत नाही.

भाऊजी उठले. उठताना नेहमीसारखे किंचित हलले, तेही सगळ्यांनी पाहिलं.

"कसरत बंद करत नाई," ते म्हणाले. "अन् शपथ मी एक डाव घेतली हाय, लाखो लोकायसमोर. आता तुमच्यासमोर दुसरी घेतली त पयली खोटी होते. मी घेत नाई."

 मग दुसरा कोणीतरी प्रतिज्ञा म्हणेल, असं गोमाजी पुटपुटले. माझं डोकं भडकलं. दीड वर्ष ज्याचे हाल चालले होते त्याला हे शहाणे मागं बसवणार. मला वाईट वाटलं ते गोमाजींना दिसलं असावं, कारण ते माझ्याकडे वळले.

"लहानू, तू त्याच्या संगं असतं. तूच सांग. तुह्या सांगन्यावर आम्ही सोडून देतो."

मी ताडकन उठलो. "नाई पेत," मी म्हटलं.

"तुले कसं ठावं?"

"मी हुंगून पाह्यलं. तीन खेपा. विहिरीपाशी पडले तवा, बजारात पडले तवा, अन् नागपूरच्या आंधी एक डाव, निजले असताना. तिन्ही खेपा काईच वास नोहता."

सभेतला ताण एकदम सैल झाला. घरच्याच माणसानं हुंगून पाहिलंय म्हटल्यावर आणखी काय हवं? गोमाजींनी मान डोलवली, पौर्णिमेला कवडूच प्रतिज्ञा म्हणेल, असं सांगून टाकलं. मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटत होतं. मी जिंकलो होतो. भाऊजींच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा पाहिलंच नाही.

परतताना उजेड होता आणि रस्त्यावर बाजाराची माणसं होती, म्हणून भाऊजींनी कसरत सुरू केली. मान डावीकडे, मान उजवीकडे. मी त्यांच्या डाव्या अंगाला चालत होतो. त्यांचं तोंड माझ्याकडे यायचं आणि नजर माझ्यावरून पलीकडे जायची. असं बरंच अंतर गेलं. मी पंचांना शिव्या घालत होतो, गावाला शिव्या घालत होतो. 

"एक खेप हुंगला असता त मी समजलो असतो," भाऊजी म्हणाले. "मानसाले शंका येते. पयल्या खेपेले काई निंगालं नाई. मंग दुसऱ्या खेपेले काऊन, लहानू?"

 मग त्यांनी मान उजवीकडे वळवली आणि चालत राहिले.