जासिमच्या गाडीचा सरळ एक्सल

मन्सूर दलवाई रत्नागिरीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं बसचे पुढचे एक्सल उतरवायचा आणि बसवायचा. २००१ साली तो दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात लागला, तिथे मात्र सगळ्या नव्या गाड्या, असा एक्सल नसलेल्या. हातातली कला वाया जाणार, असं त्याला वाटलं होतं.

तीन वर्षांनी जासिम नावाच्या कतारी माणसाने अमेरिकेहून एक जुनीपुराणी फोर्ड आणली. त्याला तिच्यात मोठं इंजिन हवं होतं आणि पुढे दोन्ही चाकांना जोडणारा, जुन्या पद्धतीचा सरळ, एकसंध एक्सल. मॅनेजर रंगनाथ सोलापूरचे. त्यांनी लगेच मन्सूरला पुढे केलं.

महिनाभर काम चाललं. एक्सल बसला, स्टिअरिंग बॉक्स बसला, बॉक्सपासून चाकाकडे जाणारा आडवा रॉड जोडला, शेवटी मोठं इंजिन बसलं. गुरुवारी मन्सूरने गॅरेजमागच्या कच्च्या रस्त्यावर गाडी काढली. पहिल्याच खड्ड्यात स्टिअरिंग त्याच्या हातात आपोआप डावीकडे फिरलं.  दुसऱ्या दिवशी जासिम हीच गाडी मित्रांबरोबर वाळवंटातल्या दुखान गावाच्या रस्त्यावर पळवणार होता.

गाडीखाली शिरल्यावर त्याला कारण दिसलं. रॉड जमिनीला समांतर हवा होता, तो तिरका झाला होता; त्यामुळे चाक वरखाली झालं की तो स्टिअरिंगला ओढत होता. त्याने रॉडचं माप घेतलं तेव्हा इंजिन बाहेर होतं. इंजिनाच्या वजनाने स्प्रिंगा दबल्या आणि सगळा हिशेब बिघडला. चूक त्याचीच होती.

"जुनी गाडी आहे मन्सूरभाई, थोडं हलणारच," रंगनाथ म्हणाले. "आज देऊन टाकू. पुढच्या आठवड्यात बघू."

"गाडी जुनी आहे साहेब, पण जोडणी माझी आहे. शंभरच्या वेगात खड्डा आला तर?"

"उशीर झाला म्हणून जासिमने गॅरेजच्या शेठला फोन केला तर तुझा व्हिसा जाईल."

  व्हिसा गेला तर घरी बायकोला, रुकैयाला काय सांगायचं, हे मन्सूरला सुचेना.

दुपारी जासिम आला. मन्सूरने मोडक्यातोडक्या हिंदी-अरबीत त्याला स्टिअरिंगकडे बघायला सांगितलं, आणि स्वतः गाडीचं नाक दोन्ही हातांनी खाली दाबलं. आत कुणी नव्हतं, तरी स्टिअरिंग फिरलं. त्याने हात काढले, तसं परत आलं.

"माझी चूक आहे," मन्सूर म्हणाला. "बॉक्स तीन बोटं वर घ्यायचाय. धुराचा पाइप आड येतो, तो वाकवावा लागेल. चार दिवस द्या."

 जासिम गाडीची किल्ली बाकड्यावर ठेवून म्हणाला, "खलास, ठरलं. चार दिवस." राग आलाय की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

चारचे सहा दिवस झाले. या वेळी मन्सूरने इंजिन जागेवर ठेवून, गाडी चाकांवर उभी करून माप घेतलं. एकदा घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. खड्ड्यातून स्वतः आठ वेळा गाडी नेली. स्टिअरिंग स्थिर राहिलं, तरी त्याचा विश्वास बसेना.

त्या शुक्रवारी जासिम गाडी घेऊन दुखानच्या रस्त्यावर गेला होता, आणि खोलीवर मन्सूर मोबाइल समोर ठेवून बसून होता. खोलीतला हाफिज दोनदा म्हणाला, "जेवून घे रे." त्याने ताट बाजूला सारलं.

असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर फोन वाजला.

"मन्सूर, ब्रेक लावला की गाडी जरा उजवीकडे ओढते," जासिम म्हणाला. "उद्या आणतो. स्टिअरिंग चांगलंय."

मन्सूरने ताट पुढे ओढलं. दोन घास खाल्ल्यावर त्याचा हात थांबला. ब्रेक दुसऱ्याने बसवले होते, पण एक्सल तर त्यानेच बसवला होता, आणि गाडी ओढते ती त्यामुळेही असू शकते.