कुलूपबंद पासपोर्टवरचा शिक्का

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. इथं लोक पिंपळावरच्या, पडक्या विहिरीवरच्या गोष्टी लिहितात, त्या मी आवडीने वाचतो आणि गालातल्या गालात हसतो. मग हा म्हातारा स्वतःच का लिहायला बसला, असं तुम्ही म्हणाल... तर माझ्याकडेही एक गोष्ट आहे. तिची मला भीती वाटत नाही, लाज वाटते. बायकोला शेवटपर्यंत सांगू शकलो नाही. ती जाऊन आता चार वर्षं झाली, म्हणून लिहितोय.

पासष्टच्या लढाईच्या आधी दोनएक वर्षं. मी धुळ्यात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कुठली कचेरी ते विचारू नका, तिचा यात काही दोष नाही. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्यांची नोंद ठेवायचं टेबल माझ्याकडे होतं. आता धुळ्यात परदेशी कोण येणार? गोरे नाहीत हो — कराचीहून येणारे आपलेच लोक. कोणाची बहीण इथल्याच देवपुरात, कोणाचे चुलते शिरपूरला. फाळणीनंतर तिकडे गेलेले, महिन्याभराच्या व्हिसावर यायचे. आल्यावर आमच्याकडे हजर व्हायचं, मी पासपोर्टवर 'आगमन' मारायचो. परत जाताना 'रवानगी' मारायचो आणि एक चिठ्ठी द्यायचो. ही चिठ्ठी राजस्थानात मुनाबावच्या चेकपोस्टवर द्यायची, तिथून गाडी पलीकडे जायची. तिथले लोक पासपोर्टवर आपला शिक्का मारत, तोच चिठ्ठीवर मारून, तारीख घालून माणसाचा अंगठा घेत, आणि चिठ्ठी पोस्टाने आमच्याकडे परत येई. चिठ्ठी आली म्हणजे माणूस देशाबाहेर गेला. फाईल बंद.

रवानगीचा शिक्का निघायच्या दिवशीच मारायचा, असा नियम होता. पण सकाळी सकाळी रजिस्टर उघडून लिहीत कोण बसणार? मी आदल्या दुपारीच दुसऱ्या दिवसाची तारीख लावून मोकळा व्हायचो. वर पासपोर्ट आणि चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून घ्यायचो — उद्या सामान घेऊनच या, पासपोर्ट घ्या आणि तसेच स्टेशनवर जा. म्हणजे माणूस रेंगाळत नाही. हे कुठल्याच नियमात नव्हतं, सगळं माझंच डोकं. त्या डोक्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

हमीदाबी आली ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला. साठीची, बुटकी, पांढरी ओढणी. पासपोर्ट कराचीचा आणि तोंडात अस्सल अहिराणी! मी विचारलं, मूळ गाव कुठलं, तर खुर्ची ओढून बसलीच.

"पिंपळनेरनी ना भाऊ. मण्यारनी आंडेर. तुनी मायले इचार, तिना हातमा मना भाऊनीच बांगड्या भरेल शेतस."

मण्याराची आंडेर, म्हणजे लेक; आणि भाऊ म्हणजे कासम मण्यार. देवपुरात राहायचा, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गल्लोगल्ली फिरायचा. माझ्या आईने खरंच त्याच्याकडून बांगड्या भरल्या होत्या. त्याला लकवा झाला म्हणून ही आली होती. रजिस्टरवर अंगठा घेताना दिसलं, तिच्या डाव्या अंगठ्यावर आडवा-तिरपा खोल व्रण होता. लहानपणी बांगडीची काच लागली होती म्हणे. ठशात त्या जागी पांढरी रेघ उमटली.

मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा ती परत आली. या वेळी बसली नाही.

"भाऊ, माले पंधरा दिन आखो ऱ्हाऊ दे. मना भाऊ मना हातनंच खास. दुसरानी घास दिना ते तोंड मिटी लेस."

मुदत वाढवता येत होती. फॉर्म माझ्या पाठीमागच्या कपाटात होते. तीन प्रती करायच्या, साहेबांची शिफारस घ्यायची, मुंबईला पाठवायचे. उत्तर येईपर्यंत माणूस राहू शकत असे. सगळं मिळून दीडएक तासाचं काम. पण मला दुसऱ्या दिवशी जळगावला मुलगी बघायला जायचं होतं, न्हाव्याकडे जायचं होतं, इस्त्रीचे कपडे आणायचे होते. मी म्हणालो, "बाई, मुदत वाढत नाही. नियम नाही." आणि ती आणखी काही बोलायच्या आत तिचा पासपोर्ट ओढून रवानगीचा शिक्का मारला. तारीख दुसऱ्या दिवसाची, गुरुवारची. मुदतीतला अजून एक दिवस उरलेला होता, तोही मी खाल्ला.

ती त्या शिक्क्याकडे बघत राहिली. "मारी दिना? मंग मी गई ना भाऊ," एवढंच म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का कळत होता. मी पासपोर्ट आणि चिठ्ठी लाल दोरीने बांधून ड्रॉवरमध्ये टाकली, कुलूप लावलं, किल्ली पँटच्या खिशात. उद्या अकराला ये, म्हणून सांगितलं.

आणि गुरुवारी पहाटेच्या एस.टी.ने मी जळगावला निघून गेलो.

विसरलो होतो, असं म्हणून सुटता आलं असतं. पण पारोळ्याला गाडी थांबली, चहा प्यायला उतरलो, खिशात सुट्टे शोधताना हाताला किल्ली लागली — आणि मला सगळं आठवलं. समोर धुळ्याकडे जाणारी गाडी उभी होती. मी किल्ली परत खिशात टाकली. म्हटलं, बसेल म्हातारी एक दिवस, तिला राहायचंच आहे ना! जळगावला मुलगी पसंत पडली, घरच्यांनी आग्रह केला, भरीत-भाकरी हाणून शुक्रवारही तिथेच काढला.

शनिवारी कचेरीत आलो तर आमचे शिपाई सुकदेव नाना दारातच भेटले. वडिलांच्या वयाचे, कधी आवाज चढवायचे नाहीत.

"भाऊसाहेब, ती कराचीवाली म्हातारी गुरवारे दिनभर बाकवर बसनी व्हती. बोचकं मांडीवर लिसन. पाच वाजाले मी म्हन्तं, घर जाय माय. ते म्हने, जावाना शिक्का मारी दिना, पासपोर्ट नही, आते माले धरी लई जातीन का?"

"मग?"

"काल दुपारले वारी गई. भाऊना उशाशीच. देवपूरले माती दिनी."

खरं सांगतो, पहिला विचार तिचा नव्हता आला. पहिला विचार आला, की पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि चौकशी झाली तर माझी नोकरी गेली. धावत जाऊन कुलूप उघडलं. लाल दोरी तशीच, गाठ माझीच. सोडली. पासपोर्ट होता. चिठ्ठी नव्हती.

पासपोर्टचं पान उलटलं. माझ्या रवानगीच्या शिक्क्याखाली दुसरा शिक्का होता. निर्गमन, मुनाबाव. तारीख शुक्रवारची. जांभळी शाई इतकी ताजी की माझ्या बोटाला लागली.

दिवसाढवळ्या, अकरा वाजता, पाच माणसं आजूबाजूला टाईप करत असताना मी हे पाहिलं. ड्रॉवरची एकच किल्ली, ती दोन दिवस जळगावात माझ्या खिशात. कोणी चेष्टा केली म्हणावं, तर मुनाबावचा शिक्का धुळ्यात आणणार कुठून? जुन्या फायलींतल्या चिठ्ठ्या काढून ताडून पाहिलं — तीच गोलाई, तोच एका बाजूने झिजलेला काठ. आणि धुळ्याहून मुनाबावला पोचायला तेव्हा दोन दिवस सहज लागत. गुरुवारी निघालेला जिवंत माणूससुद्धा शुक्रवारी तिथे असणं शक्य नव्हतं.

पुढच्या आठवड्यात टपालात चिठ्ठी आली. माझ्याच अक्षरातली, ड्रॉवरमधून नाहीशी झालेली. चेकपोस्टचा शिक्का, तारीख, सही, आणि खाली अंगठा. मी रजिस्टर उघडून शेजारी धरलं. ठशात तीच आडवी-तिरपी पांढरी रेघ.

साहेबांनी जाता जाता विचारलं, "त्या कराचीवाल्या बाईचं काय झालं?" मी चिठ्ठी दाखवली. "गेल्या साहेब." साहेबांनी मान डोलावली, तारखांचा हिशोब केला नाही. सुकदेव नाना पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ग्लास ठेवला आणि निघून गेले.

इथपर्यंतचं जे आहे ते अमानवीय, माझ्या हाताबाहेरचं. पुढचं सगळं मी केलं.

दोन दिवसांनी कासमचा मुलगा युसूफ आला. विशीतला, शिवणकाम करणारा, भीत भीत बोलणारा. हातात नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला. आत्याचा मुलगा रशीद कराचीत असतो, त्याला पासपोर्ट आणि दाखला पाठवायचा आहे, म्हणाला. खरं सांगायला ती वेळ होती. त्याऐवजी मी त्याच्यासमोर चिठ्ठी टाकली.

"आमच्या नोंदीप्रमाणे तुझी आत्या शुक्रवारी देशाबाहेर गेली. पासपोर्ट तिच्याजवळ. मग तुम्ही मातीत घातलं ते कोण? मुदत संपलेली परदेशी बाई घरात ठेवली म्हणून पोलीस तुलाच विचारतील."

त्याने दाखल्याची चौघडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि सलाम करून गेला. त्या भीतीने त्यांनी कबरीवर नावाचा दगडही लावला नाही. त्या संध्याकाळी मी पासपोर्ट घरच्या बंबात घातला. आई म्हणाली, "कसला रे वास येतोय?" मी म्हणालो, रद्दी.

युसूफने रशीदला पत्र लिहून त्याची आई वारल्याचं कळवलं होतं. पण तेवढ्यात रशीदने सरकारी मार्गाने विचारणा केली, ती फिरत फिरत माझ्या टेबलावर आली. 'सदर महिला अमुक तारखेस मुनाबाव येथून देशाबाहेर गेल्या आहेत.' हे उत्तर मी लिहिलं. टाईप झालं, सही झाली, वर गोल शिक्का मीच मारला, जरा जोरातच.

त्यानंतर रशीदची पत्रं युसूफला येत, आणि युसूफ ती मला आणून दाखवी. त्याला वाटायचं, भाऊसाहेब काही तरी मार्ग काढतील. रशीदने सरकारी कागद खरा मानला होता. आई सरहद्द ओलांडून आली, मग उतरली कुठे? दर आठवड्याला तो गाडीवर जायचा. मामाकडचे लोक काही तरी लपवतात, असंही त्याने लिहिलं होतं. मी पत्र घडी करून परत द्यायचो. "बघतो," म्हणायचो. माझं लग्न झालं होतं, घरात पाळणा हलला होता, नोकरी कायम झाली होती. मग लढाई झाली. गाडी बंद, पत्रं बंद. मला हायसं वाटलं. लढाईने हायसं वाटणारा माणूस कसा असतो, ते मी आरशात बघितलंय.

बांगलादेशची लढाईही होऊन गेली, आणि काही वर्षांनी टपाल सुरू झालं. तोवर सुकदेव नाना वारले होते. त्यांच्या दहाव्याला गेलो आणि तिथूनच पाय देवपुरात वळले. युसूफला सगळं सांगितलं... किल्ली, पारोळा, बंब, सगळं. तो मशीन थांबवून ऐकत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "हाई रशीदभाईले लिखी देशात का, भाऊसाहेब?"

दिलं. चार पानं, माझं नाव-पत्ता घालून, हात जोडून माफी मागून. तुझी आई इथे आहे, तिच्यासाठी फातिहा पढ, स्टेशनवर जाऊ नकोस. युसूफने त्याचं उर्दू करून पाठवलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. युसूफने आधी मनाशी वाचलं आणि पत्र मशीनवर पालथं ठेवलं. मीच म्हणालो, वाच.

त्या शिक्क्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. बंद ड्रॉवरमध्ये तो कोणी मारला, चिठ्ठी कशी गेली, तो अंगठा कोणाचा... मी अजूनही भूत मानत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही. कोणाला सुचलं तर जरूर सांगा. पण मला रात्रंदिवस छळतं ते रशीदचं उत्तर. युसूफने ते मला आमच्याच बोलीत सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"तो म्हने, भाऊसाहेब, मनापान सरकारना कागद शे, त्यावर गोल शिक्का शे. तुमना पत्रवर शिक्का नही. मी कोनता खरा मानू? मनी माय रस्तामा शे. मी वाट देखसू."