पिल्लं उडाली की…

शेजारच्या वहिनींचा दुपारी फोन आला, "तुमची आत्या उठत नाहीये हो…" परळहून नायगावला पोचले तोवर सगळं संपलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. महिना उलटला, तरी मला दुःखापेक्षा रागच जास्त येतो. आणि तोही कबुतरांचा.

शेवंताआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली आणि स्वच्छतेची इतकी वेडी, की पाहुणा उठला रे उठला की त्याच्या बुडाखालची चादर झटकायची. नेमक्या तिच्याच अंगावर मागच्या उन्हाळ्यात गांधी उठल्या. ढेकूण! लाजेनं बाई अर्धी झाली. गादी फेकली, खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, तरी चावे थांबेनात. विहारात जाणं बंद, लग्नकार्यं बंद. माझ्याकडे राहायला ये म्हटलं, तर म्हणायची, "माझ्या पदरातून तुझ्या घरात येतील गं."

मग एका सकाळी तिला ते भिंतीवरून उतरताना दिसले. वर झरोक्यात कबुतराचं घरटं होतं. पिल्लं उडून गेलेली, आणि त्यांच्या रक्तावर पोसलेले किडे उपाशीपोटी आत्याकडे निघालेले. दिसायला हुबेहूब ढेकूण, पण कबुतरांचे. आत्यानं अख्ख्या गॅलरीला ऐकवलं, माझ्या अंथरुणातले नव्हेत हो! मी लगेच स्टुलावर चढले, तर घरट्यात दोन नवी अंडी. राहू दे, पिल्लं उडाली की काढू, म्हणाली. मी चिडले. किडे तर अंगठ्यानं चिरडतेस, तेव्हा कुठं जातं तुझं पंचशील?

"ते चावतात. अंड्यानं काय केलंय?"

कप्पाळ! कबुतरांना ना ऋतू ना सुट्टी… एक जोडी उडते न उडते तोच पुन्हा अंडी. आत्या अंगाला खोबरेल चोपडून, दार लावून, वर बघत बसलेली. माझं नवं घर तिनं पाहिलंच नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर खोली रिकामी करायला गेले. चाळ पडणार, दोन महिन्यांत किल्ली द्यायची होती. सामान हलवण्याआधी किडे मारायला फवारणीवाला सोबत होता. या वेळी मी झाडू घेऊनच वर चढले. पिवळ्या लवेची दोन पिल्लं चोची वासून बसली होती, आणि मानेला किडे चिकटलेले. हात तिथंच थांबला. फवारणीवाल्याला मी पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

घरी लेकीनं दार उघडलं, गळ्यात पडायला धावली. मी दोन पावलं मागे सरले.

"जवळ येऊ नकोस गं… आधी कपडे बदलते."