बेसमेंटमधलं खारं पाणी

दिवाळी होऊन गेली होती, पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते आणि बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी होतं. चौदा गाड्या पाण्यात उभ्या. त्यातल्या दोन अनंत सरांच्या.

पहिला फोनही त्यांचाच आला. "मध्या, खाली काय भानगड आहे? टाकी फुटली का?"

"बघतो सर," मी म्हणालो.

तो मला मध्या म्हणायचा आणि मी त्याला सर म्हणायचो. हे असं का, ते आधी सांगतो.

पेणच्या खाडीकाठी एक नऊ मजली टॉवर आहे. नाव इंग्रजी आहे, ते इथे देत नाही. मी तिथे फॅसिलिटी मॅनेजर आहे. म्हणजे लिफ्ट, पंप, जनरेटर, वॉचमन, साफसफाई, स्विमिंग पूल, सगळं माझ्याकडे. चांगलं चाललं तर कोणाला माझं नाव आठवत नाही. बिघडलं की सगळ्यांना आठवतं. मी राहतो निडीला, वडिलांच्या घरात. सकाळच्या गाडीने पेणला येतो आणि संध्याकाळी परत जातो.

अनंत नवव्या मजल्यावर राहतो. कोपऱ्याचा फ्लॅट, तीन बाजूंना खाडी. सोसायटीचा सेक्रेटरी तोच, म्हणजे माझा साहेबही तोच. तीस वर्षांपूर्वी रोह्याच्या एका कंपनीत आम्ही एकाच मेन्टेनन्स खात्यात होतो. मी त्याला दोन वर्षांनी सीनियर. पाना कसा धरायचा हे त्याला मी दाखवलं. त्याची आई दोघांचा डबा एकत्र करायची, वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या. पुढे त्याने नोकरी सोडून कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. मी म्हणालो, वेडा आहेस. मी कंपनीतच राहिलो आणि निवृत्त होऊन त्याच्या टॉवरमध्ये नोकरीला लागलो. ती नोकरीही त्यानेच दिली.

मला त्याचा हेवा वाटायचा. आडपडदा कशाला ठेवू? तो माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, पण तो वाईटही नव्हता. वॉचमनसमोर खांद्यावर हात टाकून "काय मध्या, जेवलास का?" विचारायचा. त्याला ती आपुलकी वाटायची आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एकदा त्याचा गीझर बघायला वर गेलो होतो. बाल्कनीत सागवानी झोपाळा, पितळी कड्या, समोर अख्खी खाडी. "बस की जरा," तो म्हणाला. मी उभाच राहिलो. त्या दिवसापासून तो झोपाळा माझ्या डोळ्यांत सलायला लागला. घरी जेवताना बायको म्हणाली, तुमचं लक्ष कुठे आहे? मी कड्यांचा विचार करत होतो.

तर बेसमेंटचं पाणी. टाकी फुटलेली नव्हती. पाइप सगळे बरोबर. दोन-तीन तासांनी पाणी आलं तसं आपोआप निघून गेलं, खाली चिखलाचा थर ठेवून. अनंतने मुंबईहून एक कन्सल्टंट आणला. त्याने भिंतींना टकटक करून पाहिलं आणि सांगितलं, जमिनीतून पाझर आहे, सगळ्या बेसमेंटला इंजेक्शन ग्राउटिंग करावं लागेल. म्हणजे काँक्रीटला भोकं पाडून आत केमिकल भरायचं. दोन महिने गाड्या बाहेर. अनंतला ते पटलं. त्याने सगळ्या सभासदांची खास सभा ठरवली, दत्तजयंतीनंतरच्या रविवारी.

मधल्या अमावास्येला पाणी परत आलं. तेव्हा हिराबाई माझ्यासोबत खाली होत्या. त्या आमच्या हाउसकीपिंगला आहेत. टॉवर उभा आहे तिथे पूर्वी मिठागर होतं, आणि त्या मिठागरावर त्यांची हयात गेली. त्यांनी खाली वाकून पाण्यात बोट घातलं आणि जिभेला लावलं.

"खारं हाय," त्या म्हणाल्या. "सायब, ह्यो पाझर नाय. ही भरती हाय."

"कशावरून?"

"आज आवस. तिथी पंधरा. तिची पाऊणपट करा."

मी हिशेब केला. सव्वाअकरा.

"सव्वाअकराला दर्यात भरती भरते. हितं आत यायला तिला तास-दीड तास लागतो. आता किती वाजलं?"

पाऊण वाजला होता. गेल्या वेळचं पाणी पौर्णिमेला आलं होतं, तेही ह्याच वेळी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सगळ्यात मोठी, तिला उधाण म्हणतात. शाळेत शिकलो होतो, पण कन्सल्टंटच्या टकटकीपुढे ते आठवलं नाही.

"उघाडी बघा," हिराबाई म्हणाल्या. "उघाडी उघडी राहिली आसंल."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. त्याची झडप वरच्या बाजूने बिजागरीवर लटकलेली असते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. भरतीला बाहेरचं पाणी तिला दाबून बंद करतं. ना मोटर, ना माणूस. आमच्या टॉवरच्या पावसाळी गटाराला तशीच एक लोखंडी झडप आहे. ड्रॉइंगमध्ये तिला फ्लॅप व्हॉल्व्ह म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी, सकाळी, गटाराच्या तोंडाशी, खाडीकडच्या पायऱ्यांवरून खाली चिखलात उतरलो. झडप वर उचलून जस्त चढवलेल्या जीआय तारेने हुकाला बांधलेली होती. खाडी सरळ गटारातून बेसमेंटच्या जाळ्यांपर्यंत येत होती.

तार मी नीट पाहिली. दोन पीळ, आणि शेपूट पक्कडीने आत दुमडलेलं, पुढच्या माणसाच्या हाताला लागू नये म्हणून. असं पेणमध्ये कोणी बांधत नाही. असं मी बांधतो, आणि ज्याला मी शिकवलं तो बांधतो.

मग आठवलं. पावसाळ्यात लॉनवर पाणी तुंबलं होतं. मी कंत्राटदाराचं कोटेशन घेऊन फिरत होतो. अनंत हाफ पँटवर उतरला आणि अर्ध्या तासात पाणी काढून दिलं. चिखलाने झडप अडकली होती, मोकळी केली, एवढंच तो म्हणाला. बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. ग्रुपवर त्याचा चिखलातला फोटो फिरला. मी कोटेशन घेऊन छत्रीत उभा होतो, तो मीही फोटोत कोपऱ्यात आलो. पुढे पाऊस होता तोवर खाली पाणी आलं की आम्ही ते पावसाचंच समजून पंप लावत राहिलो.

खिशात पक्कड होती. तार कापायला एक मिनिट लागलं असतं.

मी कापली नाही.

सभा तीन आठवड्यांवर होती. मला डोळ्यांसमोर सगळं दिसलं. अनंत माइक घेऊन ग्राउटिंगचं समजावतोय, कन्सल्टंट शेजारी बसलाय, आणि मी मागून उठून विचारतोय, सर, ही तार कोणाची? सगळ्या टॉवरसमोर त्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं मला. मधे एक पौर्णिमा येत होती हे माहीत होतं. गाड्या त्या दिवशी बाहेर काढू, पंप तयार ठेवू, असं स्वतःला समजावलं.

झडप बांधलेली सापडली, एवढं हिराबाईंना कळलं होतं. त्या रोज विचारायच्या, "सांगितलं काय सेक्रेटरी सायबाला?"

"सांगतो," मी म्हणायचो.

दत्तजयंतीला, म्हणजे पौर्णिमेला, सकाळीच मी सगळ्या गाड्या गेटबाहेर लावून घेतल्या. दोन पंप मांडले. त्या दिवशी वाराही होता. पाऊण वाजता पाणी आलं ते घोट्यावर थांबलं नाही, पोटरीपर्यंत चढलं. पंपांना ते आवरेना. आणि जी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती ती झाली. लिफ्टच्या तळाला एक खड्डा असतो, त्याला पिट म्हणतात. सुरक्षेचे स्विच आणि वायरी त्यात असतात. दोन्ही लिफ्टचा पिट एकच, आणि लिफ्टच्या दारातल्या उंबऱ्याने आतापर्यंत घोटाभर पाणी अडवलं होतं. तो खाऱ्या पाण्याने भरला आणि दोन्ही लिफ्ट बंद पडल्या. तीस वर्षं मेन्टेनन्स केलेल्या माणसाला पिट आठवू नये? गाड्या आठवल्या, कारण त्या गाड्यांकडे मी रोज बघत होतो.

लिफ्ट कंपनीचा माणूस म्हणाला, "खारं पाणी गेलंय. पार्ट मागवायला लागतील. दहा-बारा दिवस धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला मी अनंतला पायऱ्यांवर नेलं, जणू झडप मला आत्ताच सापडली होती. तो वाकला आणि तारेकडे बघत राहिला.

"ही माझी तार आहे," तो म्हणाला. "पावसात वर बांधली आणि सोडायची राहिली."

त्याने माझ्याकडून पक्कड घेतली आणि स्वतःच कापली. झडप धाडकन खाली पडली.

तिसऱ्या दिवशी त्याच्या आईला चक्कर आली. वय पंच्याऐंशी. रोज संध्याकाळी लिफ्टने खाली येऊन माझ्या केबिनमध्ये बसायच्या, निडीची ख्यालीखुशाली विचारायच्या. लिफ्ट बंद म्हणून तीन दिवस घरात होत्या. बीपीची गोळी दोनदा घेतली गेली, असं नंतर कळलं. अँब्युलन्स गेटवर आली, पण स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरेना. मग डायनिंगच्या खुर्चीत बसवून ओढणीने बांधलं. दोन वॉचमन, अनंत आणि मी, चौघे एकेका पायाला. नऊ मजले, एकशे ऐंशी पायऱ्या.

पाचव्या मजल्यावर त्यांनी डोळे उघडले. "मध्या, दमलास रे," त्या म्हणाल्या. "ठेव जरा खाली."

मी खुर्चीचा पाय तेवढा घट्ट धरला.

दोन दिवसांनी त्यांना घरी सोडलं, पण घरी म्हणजे रोह्याला, लेकीकडे. तिचं घर तळमजल्यावर आहे. सूनही सोबत गेली.

रविवारी सभा झाली. अनंतने माइक घेतला. कन्सल्टंटला बोलावलंच नव्हतं. "ग्राउटिंगची गरज नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. झडप मी बांधून ठेवली आणि विसरलो. लिफ्टचा त्रास तुम्हाला माझ्यामुळे झाला. दोष सापडला तो आपल्या मॅनेजरमुळे." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाजवल्या, मला वाजवल्या. मला ज्या वाक्याने त्याला पाडायचं होतं ते वाक्य तो स्वतःच बोलून मोकळा झाला होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याच्या कबुलीचाही हेवा वाटला.

खुर्च्या उचलताना हिराबाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "सायब, नवव्या माल्यावर लिफ्ट जात व्हती ना तवा? मंग पंधरा दिस कशाला लागलं तुमाला?"

उत्तराची वाट न बघता त्या खुर्च्या घेऊन गेल्या.

मी जिना चढलो. अनंत एकटाच होता, झोपाळ्यावर. या वेळी त्याने बस म्हटलं नाही आणि मी बसलो नाही.

"मला आधीच माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"तारेचं. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीच पाहिली होती. तुझी आहे हेही ओळखलं होतं. सभेत सगळ्यांसमोर तुझी चूक काढायची म्हणून गप्प बसलो." कित्येक वर्षांनी मी त्याला अरे-तुरे करत होतो.

त्याने पाय टेकवून झोपाळा थांबवला. "का पण?"

"हे सगळं," मी झोपाळ्याकडे, खाडीकडे हात केला. "मला बघवत नव्हतं."

तो उठून कठड्याशी गेला. ओहोटी होती. खाली चिखलात बगळे फिरत होते.

"वर येऊन शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं," तो म्हणाला. "आईला खुर्चीला बांधून उतरवावं लागलं, मध्या."

मी खाली आलो. दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून ठेवला, तो त्याने परत पाठवला, वर एक शब्द न लिहिता.

लिफ्ट बाराव्या दिवशी सुरू झाल्या. पिटमध्ये आता फ्लोट स्विच बसवला आहे, पाणी आलं की केबिनमध्ये घंटा वाजते. केबिनच्या भिंतीवर पंचांग आहे आणि प्रत्येक तिथीपुढे हिराबाईंच्या हिशेबाने भरतीची वेळ लिहिलेली आहे. शिवाय मी एक नियम केला. कोणालाही काही बिघडलेलं दिसलं, की त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहायचं, वेळ घालून, सही करून. उद्यावर टाकायचं नाही. स्टाफ म्हणतो, घरत साहेब फार कडक झालेत. दोष दिसूनही माणूस का लिहीत नाही, याचं मला माहीत असलेलं कारण मी त्यांना सांगत नाही.

आईंना अनंतने पुढच्या महिन्यात परत आणलं. त्या पुन्हा संध्याकाळी केबिनमध्ये येतात आणि मला मध्याच म्हणतात. त्याने त्यांना काही सांगितलेलं नाही.

तो स्वतः मात्र म्हणत नाही. त्याचा फोन येतो तो असा: "घरत साहेब, सवडीने जरा वर येता का?" वॉचमनसमोरही साहेब, लिफ्टमध्येही साहेब. चारचौघांत त्याने मला मानाने हाक मारावी असं मला किती वर्षं वाटत होतं. आता मारतो.